देव्हाऱ्यातलं गिऱ्हाईक

बँकेच्या शाखेत, पतपेढीत, गॅस एजन्सीच्या काउंटरमागे ती चौकट हमखास टांगलेली असते. गिऱ्हाईक म्हणजे आपल्या दारी आलेला सर्वांत मोठा पाहुणा, आपलं त्याच्यावाचून अडतं, त्याचं आपल्यावाचून नाही, त्याने सेवेची संधी देऊन आपल्यावर उपकारच केलेत, असा काहीसा मजकूर. खाली महात्मा गांधींचं नाव, बाजूला चष्म्याचं रेखाचित्र. कुठे कुठे तर पुरावाही जोडलेला असतो: दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. आता १८९० साली गांधी लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी शिकत होते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला ते लागले १८९३ च्या मे महिन्यात. त्यांच्या लेखनात हा मजकूर मिळत नाही. मिळतो तो १९४१ साली अमेरिकेत, स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ एलियट यांच्या नावावर. मोटारी खपवणाऱ्या साहेबाच्या म्हणण्याला आपण पंचा नेसवला, भिंतीवर लावलं आणि वर हार घातला.

हे सगळं आठवायचं कारण असं, की गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका सभागृहात हाच मजकूर पुन्हा पडद्यावर झळकताना पाहिला. फ्रीलान्सरांसाठी व्याख्यान होतं. चित्रं काढणारे, वेबसाइट बनवणारे, व्हिडिओ एडिट करणारे, हिशेब लिहिणारे, माझ्यासारखे भाषांतर करणारे असे शंभरेक जण जमले होते. विषय होता, गिऱ्हाईक आयुष्यभर कसं टिकवावं. वक्ते गोड बोलणारे, तयारीचे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: दर एकदा लावला की चढवण्याची घाई करू नका. फोन कधीही वाजला तरी उचला. मागितलं त्याहून थोडं जास्तच द्या, आणि त्याचे पैसे लावू नका. ‘नाही’ हा शब्द विसरा. दिवाळीला आठवणीने काहीतरी पाठवा. गिऱ्हाइकाला देव माना म्हणजे तो तुम्हाला सोडून जाणार नाही. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा हे सगळं वहीत उतरवून घेत होता, ‘नाही’ या शब्दावर त्याने दोनदा काट मारली. मला उठून बोलायचं होतं, पण पुण्यात व्याख्यानानंतर उठणाऱ्या बाईकडे कसं पाहतात हे ठाऊक असल्याने गप्प बसले. ते राहून गेलेलं बोलणं इथे.

मी एकोणीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. पुस्तकं नव्हेत. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, विम्याची पत्रकं, औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्यांकडून सही घ्यायची संमतिपत्रं, असलं कुणी कौतुकाने न वाचणारं काम. माझ्याकडे पंधरा वर्षं टिकलेली गिऱ्हाइकं आहेत आणि तीन महिन्यांत गेलेलीही. वक्त्यांचे सगळे उपदेश मी कधी ना कधी पाळून पाहिलेत, तेव्हा हा वाद ऐकीव नाही.

आधी त्यांच्या आकड्याचा समाचार घेते, कारण सभागृहाला सगळ्यात जास्त भारलं ते त्याने. गिऱ्हाइकं सोडून जाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांनी घटवलं की नफा २५ ते ८५ टक्क्यांनी वाढतो, असं ते म्हणाले. आकडा खरा आहे. १९९० साली फ्रेडरिक रायशेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो मांडला. पण तो कुणाचा आहे? क्रेडिट कार्ड कंपन्यांचा, बँकेतल्या ठेवींचा, विमा दलालांचा, मोटारदुरुस्तीच्या साखळी दुकानांचा. क्रेडिट कार्डाचं एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरात, छाननी, टपाल असा एकदाच खर्च होतो. मग ते कार्ड वर्षानुवर्षं यंत्रावर फिरत राहतं आणि कंपनीला त्याच्यापाठी नव्याने कुणाला बसवावं लागत नाही. माझं तसं नाही. मी दिवसाला दोन-अडीच हजार शब्द नीट करू शकते. गिऱ्हाइकाच्या पहिल्या वर्षी दहा हजार शब्दांना चार-पाच दिवस लागत होते, दहाव्या वर्षीही साडेतीन-चार लागतातच. जुन्या दराने ते दिवस भरत राहिले तर ते टिकलेलं गिऱ्हाईक माझा नफा वाढवत नाही, माझी जागा अडवतं. याच मासिकात २००२ साली वर्नर राइनार्ट्झ आणि व्ही. कुमार यांनी चार कंपन्यांची गिऱ्हाइकं तपासून दाखवलं होतं, की जुनं असणं आणि फायद्याचं असणं यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही. जुन्या गिऱ्हाइकाला आपली किंमत कळलेली असते आणि ते सवलत मागतं. हा लेख वक्त्यांच्या पडद्यावर नव्हता.

दर न चढवण्याबद्दल. २००९ साली एका प्रकाशन व्यवसायातल्या गिऱ्हाइकासाठी मी शब्दामागे नव्वद पैशांनी काम सुरू केलं. नियमित काम, बोलायला सज्जन माणसं, चहा चांगला. मी सहा वर्षं दराचा विषय काढला नाही, संबंध बिघडतील म्हणून. या सहा वर्षांत दुधाचे, विजेचे, मुलीच्या शाळेचे दर काही माझ्या संबंधांसाठी थांबले नाहीत. २०१५ साली मी एक रुपया वीस पैसे मागितले. उत्तर आलं नाही. म्हणजे नकारही आला नाही, नुसतं काम यायचं बंद झालं. पुढे कळलं, की माझ्या जागी एक मुलगी नेमली होती, एक रुपया दहा पैशांनी. मला तीस पैसे वाढवून मिळत नव्हते, पण तिला पहिल्या दिवसापासून वीस पैसे जास्त होते! बरेच दिवस मी त्यांना कृतघ्न म्हणत राहिले. आज वाटतं, चूक माझीही होती. सहा वर्षं नव्वद पैसे घेऊन मीच त्यांना शिकवलं होतं, की ही बाई नव्वद पैशांची आहे. एक रुपया वीस पैशांची बाई त्यांच्या लेखी कुणी दुसरीच होती, अनोळखी.

दरवर्षी एप्रिलमध्ये पाच-सहा टक्के वाढवले असते तर त्यांना ते गिळता आलं असतं. किंवा आलं नसतं, आणि मग मी तीन वर्षं आधीच मोकळी झाले असते. दोन्हींत माझा फायदाच होता.

आता मागितल्याहून जास्त देण्याची गोष्ट. भाषांतराच्या धंद्यात याचं एक फार शिस्तशीर रूप आहे आणि बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. मोठ्या एजन्सी सॉफ्टवेअरमध्ये काम करून घेतात. त्यात मूळ वाक्य आणि तुमचं भाषांतर यांची जोडी साठत जाते. तिला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. पुढच्या वर्षी नवी फाइल आली, की सॉफ्टवेअर सांगतं, यातली चाळीस टक्के वाक्यं आधी येऊन गेलीत, वीस टक्के जवळपास तशीच आहेत. एजन्सी तुम्हाला एक कोष्टक पाठवते: तंतोतंत जुळणाऱ्या वाक्याला काहीच नाही किंवा दराचा लहानसा हिस्सा, जवळपास जुळणाऱ्याला निम्मा वगैरे. म्हणजे तुम्ही जितकी वर्षं इमानाने एका गिऱ्हाइकापाशी राहाल तितकी तुमचीच जुनी मेहनत तुमचा दर खाली आणत जाते. नव्याने आलेल्याला जो दर पूर्ण मिळाला असता तो जुन्याला कापून मिळतो, तोही त्याच्याच शब्दांनी कापून.

आणि मराठीला तर हे कोष्टक मुळातूनच लागू होत नाही. ‘पाइप साफ करण्यापूर्वी जुना पंप काढून टाकावा’ असं वाक्य गेल्या वर्षी केलं होतं. यंदा इंग्रजीत पंपाच्या जागी टाकी आली. इंग्रजीत एकच शब्द बदलला, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं नव्वद टक्के जुळलं. मराठीत जुना गेला, जुनी आली. टाकावा गेला, टाकावी आली. एक शब्द तीन ठिकाणी हलला, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचल्याशिवाय हे दिसतही नाही. त्या वाचण्याचे पैसे कोष्टकात नाहीत. मी एका एजन्सीला हे लिहून कळवलं तेव्हा त्यांच्या प्रकल्प-समन्वयकाने फार गोड उत्तर दिलं: आपले इतक्या वर्षांचे संबंध पाहता आपण हे समजून घ्याल. संबंध हा शब्द गिऱ्हाईक कधी काढतं ते नीट पाहावं. दर वाढवताना सहसा निघत नाही.

फ्रीलान्सर या शब्दाचं मूळ वक्त्यांनी सांगितलं, तेही मजेशीर होतं. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हान्हो’त तो येतो, ज्याचा भाला कुठल्याही सरदाराशी बांधलेला नाही असा भाडोत्री योद्धा. ते सांगून लगेच त्यांनी निष्ठेवर दहा मिनिटं घेतली. मला वाटलं, इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे शिलेदार होता आणि बारगीर होता. बारगिराला घोडा सरकारचा, हत्यार सरकारचं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन यायचा, घोडा मेला तर नुकसान त्याचं, म्हणून त्याचा पगारही निराळा. आज कंपनीत नोकरी करणारा बारगीर आहे. संगणक कंपनीचा, रजा कंपनीची, भविष्यनिर्वाह निधीत अर्धा वाटा कंपनीचा. त्याच्याकडे सकाळी दहा वाजता हजर राहण्याची अपेक्षा रास्त आहे. मी शिलेदार. संगणक माझा, वीज माझी, तापाने दोन दिवस पडले तर ते दोन दिवस माझे. वक्ते जे मागत होते ते असं, की घोडा आमचा असावा, चंदी आम्ही घालावी आणि हुकूम मात्र बारगिरासारखा पाळावा. असा सौदा कुठल्या शिलेदाराने केला असता?

रात्री-अपरात्री फोन उचलण्याला मी पुण्यातूनच उत्तर देते. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असे. साऱ्या जगाने त्यावर विनोद केले, पुणेकरांनी सगळ्यात जास्त केले, आणि चार वाजता त्याच पुणेकरांनी बाकरवडीसाठी रांग लावली. २०१७ साली त्यांनी दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा ती वर्तमानपत्रांत बातमी झाली. म्हणजे इतकी वर्षं बंद दाराने गिऱ्हाईक तोडलं नव्हतं. यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे बाकरवडी होती, तुमच्याकडे काय आहे? बरोबर आहे. बाकरवडी नसेल तर चोवीस तास उघडं ठेवूनही रांग लागणार नाही. पण चितळ्यांच्या दुकानात आणखी एक गोष्ट होती: वेळ आधीच ठाऊक होती. एक वाजता दार लागणार हे सगळ्या शहराला पाठ होतं. फ्रीलान्सराचं दार बहुतेक वेळा असं असतं, की आज रात्री अकराला उघडं सापडतं आणि उद्या दुपारी बाराला बंद, कारण रात्री अकराला उठून काम केल्याने दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो तो या बेभरवशाने. माझ्या ईमेलखाली गेली दहा वर्षं एक ओळ आहे: सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्या ओळीमुळे गेलेलं एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही. रात्री साडेअकराला आलेले फोन मात्र ती ओळ घातल्यावर एकदम थांबले, जणू त्या कामांना तितकी घाई कधी नव्हतीच.

दिवाळीच्या भेटीचा मुद्दा वक्त्यांनी हसत हसत सांगितला, सभागृहही हसलं, पण मला तोच सगळ्यात जास्त खटकला. आपल्याकडे दिवाळीत पोस्त देतात. धुणंभांडी करणाऱ्या बाईंना, पेपरवाल्याला, इस्त्रीवाल्याला, टपाल आणून देणाऱ्याला. काम करून घेणारा देतो, काम करणारा घेतो. वर्षभर वेळेवर आलास याची ती पावती. तो प्रवाह आम्ही उलटा केलाय. आता काम करणारा चकलीचे डबे बांधून काम करून घेणाऱ्याच्या दारी जातो, आणि त्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत न लिहिलेलं वाक्य असतं, की सप्टेंबरचं बिल अजून राहिलंय. मीही पाठवलेत असे डबे. एका वर्षी डबा पोचल्याचा आभाराचा निरोप आला आणि बिल फेब्रुवारीत आलं.

देव हा शब्द असा सहज वापरू नये. गिऱ्हाईक देव झालं की काम नैवेद्य होतं, आणि नैवेद्याचं बिल करत नाहीत. शिवाय ठरलेल्या वेळेशिवाय आणि ठरलेल्या मोबदल्याशिवाय सेवा करण्याची कल्पना आपल्या मातीत काही कोरी नाही. बलुत्याची पद्धत तशीच होती. सुतार, लोहार, न्हावी, परीट ठरलेल्या घरांचं वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवहाराचा मोठा पसारा मांडलाय. तिथे निष्ठा होती खरी: गिऱ्हाईक बलुतेदार बदलत नव्हतं, बलुतेदारही गिऱ्हाईक बदलत नव्हता. पण ती दोन्ही बाजूंनी रीतीने बांधलेली होती, आणि पसा किती मोठा भरायचा हे बहुतेक वेळा खळ्याच्या मालकाच्या मनावर असायचं. याच चौकटीचं सगळ्यात क्रूर टोक म्हणजे महार वतन. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात त्यात बदल करणारं विधेयक आणलं, तेव्हा त्यांचा एक आक्षेप असा होता, की या कामाला वेळेची मर्यादाच नाही, रात्री-अपरात्री कधीही बोलावणं येतं आणि मोबदल्याचा भरवसा नाही. खुर्चीत बसून शब्द मोजणाऱ्या माझ्या गैरसोयीची त्या वेठीशी बरोबरी करण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. एवढंच म्हणते, की जे जोखड फेकायला माणसांनी इतकी झुंज दिली त्यातली दोन कलमं, वेळ ठरवू नका आणि पैसे ठरवू नका, आज कुणी यशाचा मंत्र म्हणून विकत असेल तर निदान टाळ्या तरी वाजवू नयेत.

आता वक्त्यांच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलते, कारण त्यांचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. नवं गिऱ्हाईक मिळवणं खरोखर जड जातं. फुकटात तीनशे शब्दांची चाचणी द्या, दोन आठवडे वाट पाहा, गोपनीयतेच्या करारावर सह्या करा, विक्रेता म्हणून नोंदणीचे सहा फॉर्म भरा, रद्द केलेला चेक जोडा, आणि एवढं करून पहिलं काम येतं ते दोनशे रुपयांचं. जुनं गिऱ्हाईक असलं की हे सगळं वाचतं. शिवाय व्याख्यानानंतर जिन्यात त्या शेजारच्या मुलाने मला जे ऐकवलं तेही खरं: “मॅडम, तुमचं ठीक आहे हो, तुमच्याकडे काम येतं. मी नाही म्हटलं तर पुढच्या महिन्याचं भाडं कोण देणार?”

याला माझ्याकडे ऐटबाज उत्तर नाही. पहिली दोन वर्षं मीही सगळ्यांना हो म्हणत होते, लग्नपत्रिकेपासून कीटकनाशकाच्या लेबलापर्यंत. पण त्या मुलाची अडचण नीट पाहिली तर ती नाही म्हणण्याची नाही, ती एकाच गिऱ्हाइकाची आहे. बोलता बोलता कळलं, की त्याची ऐंशी टक्के मिळकत एका कोचिंग क्लासच्या वेबसाइटवरून येते. त्या क्लासपुढे तो कितीही नम्र राहिला तरी क्लासचे मालक उद्या भाच्याला कोडिंग शिकवतील तेव्हा त्याचा नम्रपणा कामाला येणार नाही. ज्याच्याकडे जायला दुसरी जागा नाही त्याच्या टिकून राहण्याला कुणी निष्ठा म्हणत नाही, आणि ते गिऱ्हाइकालाही कळतं. माझा एक आडाखा आहे: वर्षाच्या मिळकतीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका ठिकाणाहून येऊ लागला की मी नवी दारं ठोठावायला लागते, मग ते एक ठिकाण कितीही गोड असो. हा आडाखा पाळताना दोनदा चांगलं काम कमी घ्यावं लागलं. एकदा पस्तावलेही.

आणि नाही म्हटल्याने गिऱ्हाईक परत येतंच, असंही सांगणार नाही. एका वाहन कंपनीने चाळीस हजार शब्द पाच दिवसांत मागितले होते. मी म्हटलं, पाच दिवसांत बारा हजार नीट होतील, बाकीचं करायला दोन माणसं आणखी लागतील, नावं सुचवते. त्यांनी सगळं काम दुसरीकडे दिलं. काम बिघडलं आणि ते माझ्याकडे धावत आले, असं इथे लिहिता आलं असतं तर लेखाला शोभलं असतं. ते आले नाहीत. काम कसं झालं तेही मला कळलं नाही.

टिकलेली गिऱ्हाइकं का टिकली, याचा मी बराच विचार केलाय आणि उत्तर फार साधं निघतं. कोल्हापूरकडे शेतीपंप बनवणारा एक कारखाना आहे, त्यांचं काम मी पंधरा वर्षं करते. पहिल्या पुस्तिकेत मी शुद्ध मराठीच्या भरात व्हॉल्व्हला झडप लिहिलं होतं. त्यांच्या सर्व्हिस विभागातल्या एका जुन्या मेकॅनिकने फोन करून सांगितलं, “मॅडम, शेतकरी व्हॉल म्हणतो, मिस्त्री व्हॉल म्हणतो, दुकानात मागताना व्हॉल म्हणतात. झडप म्हटलं तर दुकानदार दाराची झडप काढून देईल.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी एक शब्दयादी ठेवली. आज तिच्यात सहाशेच्या वर नोंदी आहेत: कुठला शब्द इंग्रजीच ठेवायचा, कुठल्याला कोल्हापुरात एक आणि विदर्भात दुसरा शब्द चालतो, ‘हॉर्सपॉवर’ कुठे आणि ‘अश्वशक्ती’ कुठे, धोक्याच्या सूचनेत ‘करू नका’ हवं की ‘करू नये’. त्या कारखान्यात या काळात चार व्यवस्थापक बदलले. आपण पूर्वी काय म्हणत होतो हे कारखान्यात कुणालाच सांगता येत नाही, मला येतं. ते माझ्याशी निष्ठावान आहेत असं मला मुळीच वाटत नाही. मला सोडणं त्यांना महाग पडेल, बस. आणि ही यादी मी त्यांच्यापासून लपवूनही ठेवलेली नाही. दर जानेवारीत तिची प्रत पाठवते. ती हातात घेऊन ते उद्या दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतात. याहून उघडा सौदा मला सुचत नाही.

वक्त्यांच्या पूर्ण दोन तासांत एक शब्द आला नाही: बिल. निष्ठा निष्ठा म्हणताना ती फक्त आमच्याकडून मोजली जात होती. गिऱ्हाइकाची निष्ठा मोजायची एकच पट्टी आहे, पैसे किती दिवसांत येतात. आणि इथे कायदा आमच्या बाजूने आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. तुम्ही एकट्याने सेवा देत असलात तरी उद्यम नोंदणी करून त्याच्या कक्षेत येता. लेखी करार असेल तर काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ च्या पुढची मुदत टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३ब कलमात भर घातली आणि १ एप्रिल २०२४ पासून असं झालं, की सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये एका कंपनीच्या हिशेब खात्यातून फोन आला. त्यांच्याकडे माझं एक बिल सात महिने पडून होतं, तीनदा आठवण केली होती, एकदा चकलीही झाली होती. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुमचं बिल तेवढं परत मेल करा, आज एनईएफटी करतो. ऑडिटरने यादी काढलीय.” मी आवाज चढवला नव्हता, नोटीस दिली नव्हती, तिप्पट व्याजाचा उच्चारही केला नव्हता. बिलाच्या डोक्यावर एक क्रमांक होता. ते गिऱ्हाईक आजही आहे, आणि आता चाळीस दिवसांत पैसे येतात.

हे त्या मुलाला मी जिन्यातच सांगितलं होतं. परवा त्याचा फोन आला. नोंदणीसाठी गूगलवर शोधलं तर कुणीतरी दोन हजार रुपये मागतंय, भरू का, म्हणून विचारत होता. भरू नकोस म्हटलं, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागेल. तो थांबला, मग म्हणाला, “आणि क्लासवाल्या सरांना बिलावर नंबर दिसला, ते चिडले तर?” मी त्याला विचारलं, त्यांच्याकडे सध्या किती थकलेत. त्याने आकडा सांगितला. साडेतीन महिन्यांचं काम होतं.